चार बाय सहाची चौकट

फोनवर काढलेला एखादा घरगुती ग्रुप फोटो चार बाय सहाच्या फोटो पेपरवर घरीच छापून बघा. प्रिंटरचं सॉफ्टवेअर विचारतं, कागद पूर्ण भरायचा का? आपण खुशीत 'हो' म्हणतो. दोन मिनिटांनी चकचकीत प्रिंट बाहेर येते आणि मागच्या रांगेतल्या उंच काकांचे केस गायब, पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे गायब!

प्रिंटर बिघडलेला नसतो. गणित सरळ आहे. बहुतेक फोन फोटो काढतात चारास तीन या प्रमाणात, आणि कागद आहे सहास चार, म्हणजे तीनास दोन. सहा इंच रुंदी भरायची तर त्या फोटोला साडेचार इंच उंची लागते. कागदाकडे चारच आहेत. उरलेला अर्धा इंच कुठूनतरी कापावाच लागणार. फोटोचा चक्क नववा हिस्सा.

आता माझ्यासारख्या आयटीवाल्याला लगेच प्रश्न पडतो की दोन्ही वस्तू फोटोसाठीच बनवल्यात, तर मग दोघांचा आकार जुळत का नाही? हा 'स्पेक'मधला गोंधळ घातला कोणी? गेले तीन-चार वीकेंड घरातले जुने फोटो स्कॅन करतोय, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या रोज छळत होता. म्हटलं, एकदा मुळाशी जाऊन बघूच. आणि मंडळी, मुळाशी जे सापडलं ते भलतंच मजेदार आहे.

सुरुवात १८३९ पासून करू. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लुई दागेरची फोटो काढायची पद्धत पॅरिसमध्ये जगजाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर थेट चित्र. दागेरच्या पत्र्याचा आकार होता साधारण साडेसहा बाय साडेआठ इंच. त्याला फुल प्लेट म्हणायला लागले. पत्रा महाग, म्हणून लहान तुकडेही वापरत. त्यातून हाफ प्लेट आणि क्वार्टर प्लेट आले. पुढे पत्रा जाऊन काच आली, मापं थोडी इकडे-तिकडे झाली, पण नावं तीच राहिली. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी हे शब्द अगदी परवापरवापर्यंत होते.

त्या काळातली एक गोष्ट आज आपल्या लक्षातच येत नाही. तेव्हा 'रिसाइझ' असं काही जवळपास नव्हतंच! काचेची निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात धरायची, की जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा? मोठा कॅमेरा आणा. बाल्टिमोरच्या डेव्हिड वुडवर्डने १८५७ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या एन्लार्जरचं पेटंट घेतलं खरं, पण ते सूर्याच्या मागे मागे फिरवत बसायचं खटल्याचं काम. कृत्रिम प्रकाशात पटकन उमटणारे ब्रोमाइड कागद १८८० नंतर आले, तेव्हा कुठे फोटो मोठा करणं सोपं झालं. त्यामुळे जुन्या प्रिंटचं माप घेतलं की अनेकदा कॅमेऱ्याचंच माप हाती लागतं. पुरातत्त्ववाल्यांना विटेच्या मापावरून बांधकामाचा काळ ओळखता येतो, तसंच काहीसं.

मापं ठरवण्यात कलेपेक्षा धंद्याचा वाटा किती होता, हे बघायचं तर पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीकडे बघावं. १८५४ मध्ये त्याने एका युक्तीचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचे, एकदम छापायचे आणि कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. आकार व्हिजिटिंग कार्डाएवढा, पुठ्ठ्यासकट साधारण अडीच बाय चार इंच. किंमत धाडकन खाली आली. १८६० मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याचे असे फोटो विक्रीला आले आणि सगळीकडे ही कार्डं जमवायचं वेड पसरलं. मग त्यांचे अल्बम निघाले. अल्बमच्या पानांना ठरावीक मापाच्या खाचा. एकदा खाचा ठरल्या की फोटोवाल्याचं स्वातंत्र्य संपलं! खाचेत बसेल तोच फोटो विकला जाणार. १८६६ नंतर 'कॅबिनेट' नावाचं मोठं कार्ड आलं, सुमारे सव्वाचार बाय साडेसहा इंच, त्याचंही तेच झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी'चा जाच संगणकाच्या शंभर वर्षं आधीपासून आहे.

हे सगळं आपल्याकडेही फार उशिरा आलं नाही, बरं का. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली. दिस्देरीच्या पेटंटचंच वर्ष! भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ होता. पुढे लाला दीनदयाळ यांनीही मुंबईत स्टुडिओ थाटला. कॅबिनेट साइझ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी बसला तो याच परंपरेतून.

आता अमेरिकेत जाऊ, कारण पुढची उडी तिथली आहे. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, आणि दहा डॉलर भरले की फोटो छापून, नवीन रोल भरून परत. गंमत म्हणजे त्याचे फोटो गोल होते! अडीच इंच व्यासाचं वर्तुळ. लेन्सच्या कडेला चित्र खराब यायचं, ते गोलाच्या बाहेर राहायचं. शिवाय व्ह्यूफाइंडर नव्हता, तेव्हा हौशी माणसाने कॅमेरा वाकडा धरला तरी गोल फोटोत ते फारसं खुपत नसे. म्हणजे कॅमेऱ्यातच क्रॉप करून टाकलं होतं, गिऱ्हाइकाला न विचारता.

चार बाय सहाचं खरं मूळ मात्र सिनेमात आहे. १८९० नंतरच्या एक-दोन वर्षांत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिकसन चलच्चित्राचा कॅमेरा बनवत होता. ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने उभी चिरून निम्मी केली. झाली ३५ मिलिमीटरची पट्टी. दोन्ही कडांना भोकं पाडली, म्हणजे दात्यांच्या चाकाने ती सरकवता येईल. एका चित्राला चार भोकं. भोकांच्या मधे जी जागा उरली त्यात चित्र बसलं साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच. चारास तीन! १९०९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हीच पट्टी सगळ्यांनी मान्य केली. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चित्रित झाला तो याच ३५ मिलिमीटर फिल्मवर.

आणि साधारण त्याच सुमाराला, १९१३-१४ मध्ये, जर्मनीतल्या वेट्झलर गावी ओस्कार बार्नाक नावाचा लाइट्झ कंपनीतला एक तंत्रज्ञ वेगळाच खटाटोप करत होता. त्याला दम्याचा त्रास. काचा, तिकाटणं आणि भलामोठा कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला जमेना. त्याने सिनेमाची पट्टी उचलली आणि कॅमेऱ्यात आडवी सरकवली. सिनेमाची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली की जेवढी जागा होते, तेवढं त्याचं एक चित्र. चारऐवजी आठ भोकं. उंची २४, रुंदी १८ अधिक १८, म्हणजे ३६ मिलिमीटर. छत्तिसास चोवीस, म्हणजे तीनास दोन! पहिलं महायुद्ध मधे आल्याने कॅमेरा रखडला, पण १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' या नावाने तो लोकांसमोर आला. पुढची कित्येक दशकं जगातले असंख्य गंभीर कॅमेरे याच चौकटीत फोटो काढत राहिले. १९७० च्या दशकाच्या शेवटी गल्लोगल्ली रंगीत फोटो धुणाऱ्या मिनीलॅब यायला लागल्या. आधी साडेतीन बाय पाच इंचाच्या प्रिंटची चलती होती, त्यात कडा थोड्या कापल्या जायच्या. मग निगेटिव्हशी तंतोतंत जुळणारं चार बाय सहा रुजलं. झालं, आपला कागद सापडला.

मग फोन? त्याची वंशावळ दुसऱ्या फांदीवरची. सिनेमाचं चारास तीन टीव्हीने उचललं. १९४१ च्या अमेरिकन टीव्ही मानकात तेच प्रमाण आहे. टीव्हीचीच काचेची नळी संगणकाच्या मॉनिटरला आली. आयबीएमच्या १९८७ च्या व्हीजीए पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके, म्हणजे चारास तीन. घरगुती डिजिटल कॅमेरे आले तेव्हा फोटो बघायचा तो मॉनिटरवरच, म्हणून त्यांनी तेच घेतलं. ॲपलचा १९९४ चा क्विकटेक कॅमेरा बरोब्बर ६४० बाय ४८० चे फोटो काढायचा. पुढे तेच छोट्या कॅमेऱ्यांतून फोनमध्ये आलं.

म्हणजे बघा, घरच्या प्रिंटरमध्ये जे भांडण होतं ते दोन सख्ख्या भावंडांचं आहे. फोनचं चारास तीन आणि कागदाचं तीनास दोन, दोन्ही एकाच ३५ मिलिमीटर पट्टीची लेकरं. एक उभं सरकलं, एक आडवं. काकांचे केस कापले जातात त्याला हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं प्रकरण कारणीभूत आहे!

आपल्या घरातल्या अल्बममध्ये तिसरं भावंडसुद्धा सापडेल, तेही वेगळ्या घराण्यातलं. कोडॅकने १९०१ मध्ये १२० नंबरचा रोल काढला. त्यावर चालणारा आगफा क्लिक थ्री आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी घरांत होता. एका रोलवर बारा फोटो, सहा सेंटिमीटरचा चौरस. त्याच्या छोट्या चौकोनी प्रिंटा, भोवती पांढरी कड, काळ्या पानावर चार कोपऱ्यांत अडकवलेल्या. आलं ना डोळ्यांसमोर? असा चौरस फोटो चार बाय सहावर पूर्ण भरायला गेलात, तर तिसरा हिस्सा जातो.

शिवाय घरी सर्रास असतो तो ए-फोर कागद. त्याचं प्रमाण या कशाशीच जुळत नाही, कारण त्याचा बाप गणिती आहे. कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहावं, ही कल्पना लिश्टेनबर्ग या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मधल्या एका पत्रात मांडली होती आणि १९२२ मध्ये जर्मनीने ती राष्ट्रीय मानक केली. कल्पना झकास, पण फोटोंसाठी नाही. चार बाय सहाच्या चार प्रिंटा त्यावर बसवायला जा, लांबी पाव इंचापेक्षा जरा जास्त कमी पडते. तीनच बसतात. पाच बाय सातच्या मात्र दोन आरामात.

आता जरा पिक्सेलकडे. फोटो संगणकात पहिल्यांदा गेला तो १९५७ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि सहकाऱ्यांनी ड्रम स्कॅनर बनवला आणि त्यावर कर्शच्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो चढवला. पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर. निघाले १७६ बाय १७६ पिक्सेल, म्हणजे एकूण तीस हजार नऊशे शहात्तर. इंचाला हिशेब केला तर साधारण ९० ठिपके. जगातला हा पहिला स्कॅन कसला होता, तर बापाने केलेला पोराच्या फोटोचा! आपण घरी जे करतोय ते थेट त्याच परंपरेतलं आहे, हे वाचून मला तरी फार बरं वाटलं. :) (पिक्सेल चौकोनी ठेवल्याची हळहळ कर्शना म्हातारपणीही होती. २०२० मध्ये ते गेले.) काचेवर कागद पालथा घालायचा सपाट स्कॅनर नावारूपाला आला तो १९७६ मध्ये, रे कुर्झवाइलच्या अंधांसाठी पुस्तक वाचून दाखवणाऱ्या यंत्रात.

स्कॅन करताना सगळ्यांना छळणारा शब्द म्हणजे डीपीआय. सगळे सांगतात '३०० डीपीआय ठेव', पण ३०० च का? यात जादू नाही, डोळा आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. प्रिंट आपण ३० सेंटिमीटरवर धरतो. तिथे हा कोन होतो साधारण ०.०८७ मिलिमीटरचा. इंचात असे किती बसतील? २९१. झाले तुमचे ३००. याचाच अर्थ असा की भिंतीवर लावून दोन मीटरवरून बघायच्या फोटोला इतके लागतच नाहीत. आणि प्रिंटरच्या खोक्यावर जे १४४० किंवा त्याहून मोठे आकडे असतात ते शाईच्या थेंबांचे. एक पिक्सेल रंगवायला अनेक थेंब लागतात. त्या आकड्याला स्कॅनरमध्ये टाकायची गरज नाही.

खरा हिशेब एकच: पिक्सेल भागिले इंच. क्लिक थ्रीचा सव्वादोन इंची चौरस फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला, तर १३५० पिक्सेल मिळतात. त्यांना ३०० ने भागा, साडेचार इंच. एवढी प्रिंट सुरेख येणार. त्याहून खूप मोठी हवी असेल तर निगेटिव्ह शोधा. नाहीतर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीवरून भरतं. 'बायक्युबिक' हा शब्द तुम्ही मेनूत पाहिला असेल, त्या पद्धतीमागे रॉबर्ट कीज यांचा १९८१ चा पेपर आहे. सुंदर गणित आहे, चित्र मऊ दिसतं. पण जी पापणी स्कॅनमध्ये आलीच नाही ती गणितातून उगवत नाही. हल्लीची एआय साधनं पापणी उगवूनही दाखवतात. ती पापणी तुमच्या पणजीची नसते, एवढं ध्यानात ठेवा.

रिसाइझ हा असा नुसता हिशेबाचा मामला आहे. क्रॉपचं तसं नाही.

क्रॉपचं चिन्ह आठवा. एकमेकांत अडकलेले दोन काटकोन. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, थॉमस आणि जॉन नॉल या भावांचं. पण हे चिन्ह त्याहून जुन्या कामातलं आहे. वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या कचेऱ्यांत पुठ्ठ्याचे इंग्रजी 'एल' आकाराचे दोन तुकडे असायचे. ते प्रिंटवर ठेवून सरकवायचे, हवी तेवढी चौकट दिसली की पेन्सिलीने खुणा करायच्या. बाहेरचं सगळं छपाईत गळणार. म्हणजे काय छापायचं यापेक्षा काय टाकायचं, हे ठरवायचं ते हत्यार.

त्याने काय काय घडलंय बघा. ५ मार्च १९६० रोजी हवानामध्ये, आदल्या दिवशी जहाजावर झालेल्या स्फोटातल्या मृतांच्या शोकसभेत, आल्बेर्तो कोर्दाने चे गव्हेराचा फोटो काढला. मूळ फ्रेम आडवी आहे. डावीकडे दुसऱ्या एका माणसाचा चेहरा कडेने दिसतोय, उजवीकडे ताडासारख्या झाडाची पानं. कोर्दाने दोन्ही कापलं. उरला नुसता चेहरा आणि आकाश. पुण्यातल्या पोरांच्या टी-शर्टवर आज जो चे दिसतो, तो हा. डावीकडचा माणूस होर्हे मासेत्ती, अर्जेंटिनाचा पत्रकार. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

कोर्दाने चित्र चांगलं व्हावं म्हणून कापलं. पण तेच कारण देऊन काय होऊ शकतं याचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. जानेवारी २०२० मध्ये दावोसला हवामानबदलावर बोलणाऱ्या पाच तरुण मुलींचा फोटो निघाला. त्यात ग्रेटा थुनबर्ग होती, आणि डाव्या टोकाला युगांडाची व्हॅनेसा नकाते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जो फोटो पाठवला त्यात चारच जणी होत्या. पाचांतली एकटी कृष्णवर्णीय मुलगी तेवढी कापली गेली होती. मागची इमारत फोटोत विचित्र दिसत होती म्हणून कापलं, असा खुलासा आला. नंतर पूर्ण फोटो आला, माफीही आली. खुलासा खरा धरला तरी प्रश्न उरतोच. कडेला कोण उभं आहे हे कापणाऱ्याने बघितलं का?

हे वाचून मला आमच्याच घरातला एक फोटो पुन्हा काढून बघावासा वाटला. १९४८ च्या आसपासचा, वाईच्या वाड्याच्या अंगणातला. हाफ प्लेट, म्हणजे साडेसहा बाय पावणेपाच इंच. बाबांनी आठ बाय दहाची लाकडी फ्रेम आणून ठेवली होती. हिशेब केला: आठ इंच उंचीला या फोटोची रुंदी येते जवळजवळ अकरा. फ्रेम दहाची. म्हणजे एक इंच, साधारण अकरावा हिस्सा, कापायचा. आणि मागच्या रांगेत उभी आहेत मोजून अकरा माणसं!

बाबा म्हणाले, "उजवीकडचं काप ना. तिथे तशीही मोकळी जागा आहे."

मोकळी जागा होती खरी, पण तिच्या पलीकडे अगदी कडेला एक बाई उभी आहे. डोक्यावरून पदर, अंगावर गडद अलवण. बाकीच्यांपासून हातभर लांब. लॅपटॉपवर मोठं करून आजीला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्या ह्यांच्या आत्या," ती म्हणाली. "नवव्या वर्षी परत आल्या माहेरी. फोटोत येत नव्हत्या रे. लग्नकार्यात पुढे यायचं नाही ना त्यांनी. सासूबाई सांगायच्या, मामंजींनी हाताला धरून आणलं म्हणून. तरी टोकालाच राहिल्या."

"यांचा दुसरा फोटो?"

"कुठला आलाय! साठ माणसांचा स्वयंपाक त्यांनी केलाय, फोटो कोण काढतंय."

मधली ती मोकळी जागा कम्पोझिशनच्या दृष्टीने खरंच वाईट आहे. कुठलंही 'ऑटो क्रॉप' बटण तिथूनच कापेल. पण त्या जागेत अख्ख्या घराचा रिवाज दिसतोय. तिला एकदा रिवाजाने कडेला उभं केलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लाकडी फ्रेमच्या मापासाठी आपण तिला पुसून टाकायचं?

शेवटी फोटो दहा इंच रुंदच छापला. उंची आली ७.३ इंच, वर-खाली तिसऱ्या हिश्श्याएवढी इंचाची पांढरी पट्टी राहिली. फोटोच्या मापाची खिडकी कापलेला क्रीम रंगाचा माउंट फ्रेमवाल्याकडून घेतला, आता ती पट्टी दिसतही नाही. बाबांची तक्रार मिटली.

तर या वीकेंडला तुम्हीही स्कॅनर काढणार असाल, तर माझी पद्धत सांगतो. पहिला स्कॅन पूर्ण करायचा. पांढरी कड, पुठ्ठा, कोपऱ्यातला स्टुडिओचा शिक्का, सगळ्यासकट. मागची बाजूही स्कॅन करायची, कारण स्टुडिओचं नाव किंवा कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली तारीख बऱ्याचदा तिथेच असते. ही फाइल टिफमध्ये ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. मग तिची कॉपी घ्यायची. क्रॉप, रंग, रिसाइझ, सगळे खेळ कॉपीवर. आधी क्रॉप, मग रिसाइझ, शार्पन अगदी शेवटी. प्रिंट देताना 'कागद भरा' ऐवजी 'पूर्ण फोटो बसवा' निवडायचं. पट्टी राहिली तर राहू दे, कात्री आणि माउंट आहेत की. आणि क्रॉपची चौकट ओढली की एंटर दाबण्याआधी तिच्या बाहेर काय राहतंय ते चारही कडांना एकदा बघून घ्यायचं.

अजून एक काम, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, कडेच्या माणसांसकट. नावं माहीत नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि ते लवकर करा. आमच्या फोटोतल्या अकरांपैकी नऊ जण आजीने ओळखले. उरलेले दोघं कोण, हे सांगणारं आता कुणी नाही.